गावातल्या फौजीचं आयुष्य लिहून ठेवायचं असेल तर

विदर्भातल्या बऱ्याच गावांत एखादं तरी घर ‘फौजीचं घर’ म्हणून ओळखलं जातं. 1971 च्या डिसेंबरात जो विशीत होता तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. 1965 च्या लढाईतले ऐंशीच्या पुढे गेले. यातले कितीतरी जण पेन्शनीवर गावी परतले आणि पुढची तीस-चाळीस वर्षं गावाच्या कामात राहिले. कुणी पांदण रस्ता मोकळा केला, कुणी शाळेच्या खोलीसाठी जिल्हा परिषदेचे उंबरे झिजवले, कुणी पहाटे पोरांना भरतीसाठी पळवलं. माणूस गेल्यावर श्रद्धांजलीच्या फलकावर मात्र एकच ओळ येते: ‘1971 च्या युद्धात सहभाग’. ती लढाई 3 ते 16 डिसेंबर, म्हणजे चौदा दिवसांची. चौदा दिवसांची आठवण राहते आणि चाळीस वर्षं पुसली जातात, हे थांबवायचं असेल तर माणूस हयात असतानाच लिहायला बसावं लागतं. लढाईची गोष्ट जितक्या पुराव्यानिशी लिहाल तितक्याच पुराव्यानिशी गावकाम लिहायचं, हे एक सूत्र शेवटपर्यंत सोडू नका.

हे काम गावातला शिक्षक, वाचनालयातली पोरं, पुतण्या, नातसून, कुणीही करू शकतं. आठवड्याला दोन बैठका धरल्या तर दोन ते तीन महिने लागतात. हंगाम नीट निवडा. पावसाळ्यात टिनाच्या छपरावरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये सगळं गिळतो आणि जुने कागद दमट होतात. दिवाळीनंतर घरातली माणसं कापूस वेचणीत अडकलेली असतात. मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला दुपारी बोलतं करणं म्हणजे त्याला त्रास देणं. तूर-कापूस घरात आल्यावर, फेब्रुवारी ते मार्चचा मध्य, हा सगळ्यात बरा काळ.

आधी घरच्यांशी बोला

थेट फौजीकडं जाऊन मोबाइल पुढं धरू नका. आधी मुलाशी, सुनेशी, आणि काकू, म्हणजे फौजीची बायको, असतील तर त्यांच्याशी बोला. माजी सैनिकाच्या घरी कुणी कागद मागायला आलं की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पेन्शनीचा, नाहीतर सरकारकडून मिळालेल्या जमिनीचा. ही चौकशी कोण करतंय आणि कशासाठी, अशी शंका एकदा घरात शिरली की पुढचं सगळं बोलणं जपून होतं. म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: पेन्शन, जमीन, सवलत यांच्याशी याचा संबंध नाही, आणि यातून कुठला पुरस्कार मिळवून देण्याचा शब्दही आम्ही देत नाही. साध्या कागदावर चार ओळींचं संमतीपत्र घ्या: काय रेकॉर्ड करणार, कुठं ठेवणार, छापण्याआधी वाचून दाखवणार, आणि ते नको म्हणतील तो भाग काढणार. त्याची एक प्रत त्यांच्या घरी राहू द्या.

लोखंडी पेटी

फौजीच्या घरात एक काळी किंवा हिरवी लोखंडी पेटी असतेच. पेटी उघडण्याआधी तिचाच फोटो काढा. झाकणावर किंवा समोरच्या बाजूला पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव आणि पलटण लिहिलेली असते. बढती झाली की जुनी रँक खोडून वर नवी रंगवलेली असते, म्हणून तिरप्या उजेडात जवळून पाहिलं तर ‘नाईक’च्या खाली ‘सिपाही’ दिसतो. हा पहिला पुरावा.

आत ज्या क्रमानं कागद ठेवले असतील तो क्रम मोडू नका. प्रत्येक थर काढताना वरून एक फोटो घ्या आणि वहीत अनुक्रमांक टाका. सगळ्यात मोलाचं म्हणजे डिस्चार्ज बुक. त्यात भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख आणि कारण, ट्रेड, मिळालेली मेडलं, वर्तणुकीचा शेरा, अंगावरची ओळखखूण आणि घरचा पत्ता असतो. पेन्शनचा कागद, म्हणजे पी.पी.ओ., त्यालाच जोडून ठेवलेला सापडतो. काहींकडं दोन डिस्चार्ज बुकं निघतात. पलटणीतून निवृत्त झाल्यावर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डी.एस.सी.त, दुसरी नोकरी केलेले विदर्भात पुष्कळ आहेत. पुलगावचा दारूगोळा डेपो किंवा भंडारा, अंबाझरी, भद्रावतीच्या आयुध निर्माण्या, अशी नावं बोलण्यात आली की दुसरं बुक आहे का ते विचारा. नाहीतर दहा-पंधरा वर्षांचा हिशेब जुळत नाही आणि माणूसच खोटं बोलतोय असं वाटायला लागतं.

कागद वाचताना चार ठिकाणी हमखास घोटाळा होतो.

पहिला जिल्ह्याचा. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला झाला, वाशिम 1 जुलै 1998 ला, गोंदिया 1 मे 1999 ला. त्यामुळं सिरोंच्याचा फौजी कागदावर चंद्रपूरचा, त्याआधीच्या कागदावर ‘चांदा’ जिल्ह्याचा असतो. रिसोडचा अकोल्याचा, आमगावचा भंडाऱ्याचा. जुन्या इंग्रजी कागदांत यवतमाळचं स्पेलिंगही वेगळं आहे. रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिताना बुकात जो जिल्हा आहे तोच लिहा आणि कंसात आजचा द्या.

दुसरा नावाचा. भरती करणारा कारकून बहुधा मराठी नसायचा. कुठं आडनाव गळलेलं असतं, कुठं बापाचं नावच आडनाव झालेलं असतं, कुठं ‘ळ’चा ‘ल’ झालेला असतो. शाळेचा दाखला, डिस्चार्ज बुक, सातबारा आणि आधार या चारही ठिकाणचं नाव जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या. दुरुस्त करत बसू नका.

तिसरा जन्मतारखेचा. 1 जून किंवा 1 जुलै दिसली तर ती बहुतेक शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली असते. गावच्या शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर पाहा. त्याआधीचं हवं असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनं कोतवाल बुक असू शकतं. जन्म-मृत्यूची नोंद त्यात कोतवाल करून आणायचा. फौजेतली तारीख आणि ही तारीख यांत दोन-तीन वर्षांचा फरक निघाला तर दोन्ही लिहा. पेन्शन फौजेच्या तारखेवर चालते, आणि आपण कोणाची चूक पकडायला बसलेलो नाही.

चौथा रँकचा. 1965 पर्यंत आजच्या नायब सुभेदाराला जमादार म्हणत. जुन्या कागदावर ‘जमादार’ वाचून त्याला मुकादम किंवा पोलीस समजू नका. क्रम असा: सिपाही, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. गावात सगळ्यांनाच ‘सुभेदार’ किंवा ‘मेजर’ म्हणायची रीत आहे. बोलताना तसंच म्हणा, मान राहतो. लिहिताना बुकातली रँक लिहा.

मेडलं ब्रासोनं घासू नका. पोरं 26 जानेवारीच्या आदल्या रात्री हौसेनं चकाकवतात आणि गोल मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात कोरलेला नंबर आणि नाव झिजून जातं. ते नाव वाचायचं तर मेडल बोटांत धरून खिडकीपाशी न्या, उजेड एका बाजूनं पडू द्या, आणि हळूहळू फिरवत चार-पाच फोटो घ्या. नाव दुसऱ्याच कुणाचं निघालं तर घाबरू नका. हरवलेल्या मेडलच्या जागी बाजारातून घेतलेलं असू शकतं, किंवा साथीदाराशी अदलाबदल झालेली असू शकते. मेडलांवरून पुष्कळ कळतं. समर सेवा स्टार म्हणजे 1965 च्या लढाईच्या क्षेत्रात प्रत्यक्ष होते. रक्षा मेडल त्या वेळी फौजेत असलेल्यांना मिळालं. 1971 साठी पूर्वी स्टार म्हणजे पूर्वेची आघाडी, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिमेची. संग्राम मेडल मात्र 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात सेवेत असलेल्यांना दिलं गेलं, म्हणून केवळ त्यावरून ‘आघाडीवर लढले’ असं लिहू नका.

पत्रं सापडली तर पाकीट किंवा इनलँडचा मागचा-पुढचा भाग, शिक्का आणि तारीख यांचे फोटो मजकुराच्या आधी घ्या. पत्त्यात ‘द्वारा 56 ए.पी.ओ.’ (ए.पी.ओ. म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय) असेल तर पलटण उत्तर किंवा पश्चिमेला होती, ‘99 ए.पी.ओ.’ असेल तर पूर्वेला. गावाचं नाव लिहायची परवानगी नसे, पण शिक्का बोलतो. मनीऑर्डरच्या पावत्या असतील तर त्या फेकू देऊ नका. घर कसं चाललं, बैल कधी घेतला, विहीर कधी खोदली, हे त्या पावत्यांवरून जुळतं.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. सपरीत (ओसरीत) सावलीच्या उजेडात, साध्या करड्या किंवा काळ्या कापडावर कागद सपाट ठेवून बरोबर वरून फोटो घ्या. स्कॅनर मिळाला तर कागदासाठी 300 डी.पी.आय., फोटोसाठी 600. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, काचेसकट स्कॅन करा. आणि डिस्चार्ज बुक लॅमिनेट करून देण्याचा उपकार कधीही करू नका. उष्णतेनं शाई उडते, शिक्का पुसट होतो, आणि उद्या कुठल्या कार्यालयानं मूळ कागद मागितला तर तो पुन्हा प्लॅस्टिकमधून निघत नाही. सुती कापडात गुंडाळून पेटीत ठेवा, पेटीखाली दोन विटा द्या म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही लांब राहतात.

ऐकायला बसताना

सकाळी आठ ते दहा हा वेळ चांगला. एका बैठकीत पाऊण तास, फार तर एक तास. त्याच्यापुढं आवाज बसतो आणि गोष्टी पुन्हा पुन्हा येऊ लागतात. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर नेमक्या वेळी फोन वाजतो. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक घेतला तर आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पंखा आणि कूलर बंद. बकरीला, कोंबड्यांना लांब करा. एक तासाच्या रेकॉर्डिंगला 128 के.बी.पी.एस.वर साधारण 60 एम.बी. जागा लागते, तेवढी रिकामी आहे का आधी पाहा. सुरुवातीला स्वतः तारीख, गाव आणि बैठकीचा क्रमांक बोला. त्याच दिवशी फाइल दोन ठिकाणी कॉपी करा. मोबाइल हरवतो, फुटतो, पोरं गेम टाकायला जागा करतात.

तोफखान्यात किंवा मशीनगनवर राहिलेल्यांना बहुधा ऐकू कमी येतं. बऱ्या कानाच्या बाजूला, समोर चेहरा दिसेल असं बसा आणि प्रश्न लहान ठेवा. ओरडू नका. ओरडून विचारलेल्या प्रश्नाला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

सन विचारलं तर चुकतं. खुणा विचारा. ‘दुष्काळाच्या सालच्या आधी का नंतर?’ (1972) ‘एकाधिकारात कापूस द्यायला लागलो तवा?’ (सरकारची एकाधिकार कापूस खरेदी, तेही 1972) ‘इंदिराबाई गेल्या तवा तुम्ही गावात होते का पलटणीत?’ (31 ऑक्टोबर 1984) ‘मोवाडच्या पुराच्या साली?’ (नागपूर जिल्ह्यातलं मोवाड, 30 जुलै 1991) पहिल्या मुलीचा जन्म, भावाचं लग्न, बैलजोडीची खरेदी, या घरातल्या खुणा तर सगळ्यात पक्क्या.

पहिल्या बैठकीत लढाईबद्दल काही विचारू नका. लहानपण, शाळा, भरतीचा दिवस, कुणाबरोबर गेले, छाती किती भरली, घरी सांगितलं होतं का, ट्रेनिंग सेंटर कुठलं, पहिल्यांदा बूट घातल्यावर पायांचं काय झालं, लंगरातली रोटी घशाखाली उतरायला किती दिवस लागले. ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण खाणाऱ्या पोराला हा बदल मोठा असतो आणि तो भरभरून सांगतो. पलटणीचं नावही इथंच पक्कं करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, गार्ड्सचं, म्हणजे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं, आज कामठीला. महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला उभी राहिली, 1946 मध्ये मशीनगन रेजिमेंट झाली. तिच्या बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगनी आडव्या-तिडव्या आहेत. जुन्या फोटोतल्या टोपीवर तो बिल्ला ओळखता आला तर अर्धं काम झालं.

‘किती मारले?’ हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. शेजारची पोरं विचारतात, त्यांना आधीच बाहेर पाठवा. साथीदार पडल्याची गोष्ट आली आणि माणूस गप्प झाला तर गप्पच बसा. रेकॉर्डिंग चालू ठेवायचं की नाही ते त्यांना विचारा. पाणी द्या. त्या दिवशी तिथंच थांबा, आणि संध्याकाळी घरी फोन करून बरं आहे ना ते पाहा. पुढची बैठक त्या विषयावरून सुरू करू नका.

काकूंची बैठक वेगळी घ्या, आणि फौजी घरात नसताना घ्या. ते समोर असले की ‘त्यायलेच पुसा जी’ म्हणून त्या मोकळ्या होतात. फौजी सीमेवर असताना शेती कुणी केली, धुऱ्याचं (शेताच्या बांधाचं) भांडण कुणी निस्तरलं, सासू-सासऱ्यांचं आजारपण कुणी काढलं, रेडिओवर बातमी लागली की गाव कुणाच्या घरी जमायचं, हे त्याच सांगू शकतात. पुढं फौजी गावकामात फिरत राहिले तेव्हा घर कुणाच्या जिवावर चाललं, हेही. त्यांचं नाव पुस्तिकेत ‘पत्नी’ म्हणून एका ओळीत संपणार असेल तर ती पुस्तिका अपुरी आहे.

लढाईचा भाग तपासणं

आठवणी चुकतात, पण वाटतं तितक्या नाही. कित्येकदा म्हाताऱ्याचंच खरं असतं आणि आपलं वाचन थोडं असतं. ‘लढाई तर नोव्हेंबरातच सुरू झाली होती’ असं कुणी म्हणालं तर खोडू नका. पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या हिलीला पहिला हल्ला 22 नोव्हेंबर 1971 च्या सुमारास झाला, गार्ड्सची 8 वी पलटण त्यात होती, आणि ते ठाणं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडलं. ‘लढाई वर्षभर चालली’ हेही फेकून देण्यासारखं नाही. पश्चिमेला जिंकलेल्या मुलखात आपली फौज 1972 च्या डिसेंबरपर्यंत होती. शिपायाच्या लेखी खंदक सुटेपर्यंत लढाई संपलेली नसते.

‘ढाक्याला शरणागती पाहिली’ हे वाक्य जपून घ्या. 16 डिसेंबरला ढाक्यात पोचलेल्या पलटणी मोजक्या होत्या. पण सुमारे 93,000 युद्धकैदी भारतात आणले गेले, आणि त्यांची परतपाठवणी 1974 च्या एप्रिलपर्यंत चालली. कैद्यांच्या पहाऱ्यावर असलेल्या माणसाच्या मनात ती दोन दृश्यं एक झालेली असू शकतात. ‘लाहोरच्या दारात होतो’ म्हणाले तर ते 1965. इच्छोगिल कालवा, डोगराई, बर्की ही नावं येतात का पाहा. पदकांच्या बाबतीत गावात फार अतिशयोक्ती होते. परमवीरचक्र 1965 मध्ये दोघांना आणि 1971 मध्ये चौघांना मिळालं, सगळ्यांची नावं जाहीर आहेत. वीरचक्र, सेना मेडल यांची नोंद भारताच्या राजपत्रात असते. नोंद सापडली नाही तर लिहू नका, आणि सापडली नाही म्हणून त्यांना चारचौघांत विचारूही नका.

पुरावा हवा असेल तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, पण तो फौजीच्याच सहीनं जावा. नंबर, रँक, नाव, भरतीची तारीख आणि डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून योग्य पत्ता आणि अर्जाचा नमुना मिळतो. उत्तराला काही महिने लागतात, म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

आणि एक. लंगरी, ड्रायव्हर, सिग्नलवाले, वर्कशॉपवाले स्वतःच म्हणतात, ‘आम्ही काय लढलो?’ त्यांचं ऐकून त्यांना वगळू नका. रात्री दिवे बंद करून दारूगोळ्याचा ट्रक नेणाऱ्याची गोष्ट क्वचितच कुठं लिहिली गेली आहे.

गावकाम: इथं जास्त वेळ द्या

वीस-चोवीस पानांची पुस्तिका होणार असेल तर निम्म्याहून जास्त पानं या भागाची असावीत. इथंच बहुतेक लेखन कोसळतं, कारण ‘गावाच्या विकासासाठी झटले’ या एका वाक्यावर सगळे थांबतात. असं वाक्य आलं की विचारा: कुठलं काम, कोणतं साल, किती लांब, किती खोल, पैसे कुणाचे, जमीन कुणाची, हात कुणाचे, विरोध कुणाचा, आज ते कसं आहे.

पांदण रस्त्याचं उदाहरण घ्या. फौजी म्हणतात, ‘पांदण मोकळी केली.’ आता गाव नकाशा मिळवा, भूमी अभिलेख कार्यालयात नक्कल मिळते. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. नकाशा घेऊन फौजीबरोबर किंवा त्यांना चालवत नसेल तर बैलबंडीतून किंवा गाडीवरून पांदण पाहा. मोबाइलवर अंतर मोजा, टेपनं तीन ठिकाणी रुंदी घ्या, नाल्यावर मोरी कुठं टाकली ते पाहा. मग दोन्ही बाजूच्या शेतकऱ्यांशी बोला, ज्यानं धुरा मागं घेतला त्याच्याशीही आणि ज्यानं घेतला नाही त्याच्याशीही. पावसाळ्यात आधी कापूस कसा आणायचे, गर्भार बाईला दवाखान्यात कसं न्यायचे, हे बायांना विचारा. एवढं केलं की ‘पांदण मोकळी केली’चं दोन पानांचं भक्कम प्रकरण होतं.

कागद कुठं मिळतात? ग्रामपंचायतीत प्रोसिडिंग बुक, म्हणजे ठरावांचं इतिवृत्त. तिथं ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि तारीख मिळते. फौजी सरपंच किंवा सदस्य नसले तरी ग्रामसभेत बोललेले सापडतात. स्थावर मालमत्तेची आणि झाडांची नोंदवही पाहा. कर आकारणीचा नमुना 8 पाहिला तर समाजमंदिर किंवा वाचनालयाची जागा कुणाच्या घराला लागून होती ते कळतं. बांधकामाचं मापन पुस्तक पंचायत समितीच्या उपविभागात असतं. शाळेत लॉगबुक आणि देणगीच्या पाट्या. सेवा सहकारी सोसायटीचे जुने अहवाल. गावात तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ असेल तर त्यांच्या वह्या नक्की पाहा. सामुदायिक प्रार्थना आणि श्रमदानात कोण कोण आलं ते त्यात लिहिलेलं असतं, आणि फौजीची शिस्त तिथं उपयोगी पडलेली दिसते. तुकडोजी महाराजांनी 1962 आणि 1965 च्या लढायांच्या वेळी सीमेवर जाऊन जवानांपुढं भजनं केली होती. त्या काळचे फौजी असतील तर ही आठवण विचारून पाहा.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा 1 मे 1962 पासून आल्या. त्याआधीच्या शाळेच्या किंवा रस्त्याच्या कागदावर जनपद सभेचा शिक्का दिसला तर तो बनावट समजू नका, मध्य प्रांत-वऱ्हाडातली ती जुनी व्यवस्था आहे.

ग्रामपंचायत रेकॉर्ड दाखवायला टाळाटाळ करत असेल तर आधी सरपंचाला आणि ग्रामसेवकाला (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) नम्रपणे भेटून काम सांगा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यानं होतं. नाहीच झालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज. महाराष्ट्रात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. झेरॉक्सचे पानाला 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. ‘सर्व कामांची माहिती द्या’ असं लिहिलं की अर्ज अडकतो. ‘1985 ते 1990 या काळातील ग्रामसभा इतिवृत्तातील पांदण रस्त्याबाबतच्या ठरावांच्या प्रती’ असं नेमकं मागा. आणि अर्ज फौजीच्या नावानं करू नका. गावातलं जुनं राजकारण जागं होतं आणि त्याचा त्रास त्यांना होतो.

तंटामुक्तीच्या कामाला वेगळी काळजी लागते. 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि अनेक ठिकाणी समितीच्या अध्यक्षपदी गावानं फौजीलाच बसवलं, कारण ते कुणाच्या घरचं चहा-पाणी घेऊन निकाल देणार नाहीत असा विश्वास होता. किती तंटे मिटले ते समितीच्या नोंदवहीतून घ्या. नवरा-बायकोचे, जमिनीचे, पोरीबाळींचे वाद मात्र नावानिशी लिहायचे नाहीत. गावात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो, म्हणून वाद कशाचा होता एवढंच लिहा आणि फौजींनी तो कसा सोडवला ते सविस्तर.

भरतीच्या पोरांची यादी करा. मैदान कुठं होतं, 1600 मीटरला किती चकरा, 9 फुटांचा खड्डा कुणी खणला, पुल-अपचा आडवा पाइप कुठून आणला. कोण फौजेत, कोण पोलिसात, कोण एस.आर.पी.त लागलं आणि कोणत्या साली, हे त्या पोरांना फोन करून पक्कं करा. जे लागले नाहीत त्यांनाही विचारा, त्यांच्याकडं वेगळं आणि खरं ऐकायला मिळतं. झाडं लावली असतील तर मोजा: जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे 1.37 मीटरवर, खोडाचा घेर टेपनं घ्या आणि जातीनिशी लिहा. ‘हजारो झाडं लावली’पेक्षा ‘स्मशानाच्या वाटेवर कडुनिंबाची 34 झाडं उभी आहेत, सर्वांत मोठ्याचा घेर 6 फूट’ अशा ओळीला वजन असतं.

पडलेली निवडणूक, फसलेली योजना, वर्षभरात कोरडी पडलेली विहीर, पेन्शनीतून टाकलेले आणि परत न आलेले पैसे, हे सगळं लिहा. घरचे म्हणतील वगळा. तेव्हा त्यांना सांगा की फक्त यशाची यादी वाचून गाव विश्वास ठेवत नाही, कारण गावानं ते सगळं पाहिलेलं आहे. तरीही नकोच म्हणाले तर संमतीपत्राप्रमाणं काढा. श्रेयही नीट वाटा. श्रमदानात टोपली उचलणाऱ्या बायांची, खडी वाहणाऱ्या बंडीवाल्यांची नावं फौजींनाच विचारा. खरा काम केलेला माणूस ती नावं आनंदानं सांगतो.

लिहिणं आणि छापणं

एक तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला पाच-सहा तास लागतात, ते दोघांत वाटून घ्या. उतरवताना वऱ्हाडी किंवा झाडीबोली ‘शुद्ध’ करू नका. ‘आमाले कोनी सांगतलं नाई’ याचं ‘आम्हाला कोणीही सूचित केले नाही’ झालं की माणूस हरवतो. फौजीच्या बोलण्यात हिंदी आणि फौजी इंग्रजी मिसळलेलं असतं: पिकेट, मोर्चा, फॉलिन, कंपनी कमांडर. ते तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथं एका ओळीत अर्थ द्या. निवेदन तुमचं साधं प्रमाण मराठीत, बोलणं त्यांचं त्यांच्या बोलीत.

मसुदा मोठ्या अक्षरात काढून संपूर्ण वाचून दाखवा, दोन बैठकांत. दुरुस्त्या लाल पेननं त्यांच्यासमोर करा. सैनिक क्रमांक, पी.पी.ओ., आधार, बँक खातं यांपैकी काहीही छापायचं नाही. कागदांचे फोटो छापताना ते आकडे झाका. या आकड्यांवरून पेन्शनरांची फसवणूक होते.

ए-5 आकारात, मधोमध पिना मारलेली पुस्तिका स्वस्त पडते. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, 20, 24 किंवा 28. आतला कागद 90 जी.एस.एम., कव्हर 250. तालुक्याच्या प्रेसवाल्याकडं जुना फाँट असेल तर युनिकोडमधला मजकूर बदलताना ‘दुसऱ्या’, ‘पऱ्हाटी’ यांतला अर्धा र आणि काही जोडाक्षरं तुटतात, म्हणून प्रूफ पी.डी.एफ.वर न वाचता कागदावर वाचा. फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं, साल आणि ठिकाण हवंच. नाव माहीत नसेल तर ‘नाव कळले नाही’ असं छापा; पुस्तिका वाचून कुणीतरी सांगायला येतं. शंभर प्रती गावाला पुरतात. शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि पलटणीचं केंद्र यांना एकेक द्या. रेकॉर्डिंगच्या फाइली दोन पेनड्राइव्हवर आणि एका ऑनलाइन खात्यावर ठेवा, त्याचा पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असू द्या.

शेवटी पेटी परत भरायची. पहिल्या दिवशी थराथरानं काढलेले फोटो समोर ठेवा, वहीतल्या अनुक्रमांकानं एकेक कागद काकूंच्या हातात मोजून द्या आणि त्यांनाच ठेवू द्या. कुठली चिठ्ठी कुठल्या घडीत असते ते त्यांना पाठ असतं. वहीच्या शेवटच्या पानावर ‘सर्व मिळाले’ अशी त्यांची सही किंवा अंगठा घ्या, मगच कुलूप लावा.